मऊ टायर

टायरच्या दुकानात गेलं की दुकानदार आधी किंमत सांगत नाही. आधी विचारतो, "गाडीत काय भरता?" मला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. आमच्या घरात आजवर एका जुन्या स्कूटरखेरीज चाकाचं काही आलेलं नाही. पण आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आस्तेरावांच्या पिकअपला नवे टायर घ्यायचे ठरले तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले होते, आणि त्या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"फरशी," आस्तेराव म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "आणि बायको."

टायरवाल्याला हसू फुटलं. "वजन किती?"

"फरशीचं की बायकोचं?"

"फरशीचं सांगा. बायकोचं खरं वजन कोण सांगतंय!"

"सांगतो की. फरशी, गाडी बसेस्तोवर. बायको... बायको फार हलकी झालीये हो."

टायरवाल्याने हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला.

आस्तेराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. फरशीच्या पेट्या वाहणाऱ्या माणसाच्या तोंडात दिवसभर एकच शब्द असतो. पेटी उचलली, आस्ते. जिन्याचं वळण आलं, आस्ते. खाली ठेवताना तर दोनदा. हमालांनी ते नाव ठेवलं, फरशीवाल्या शेठनी ते उचललं आणि हळूहळू ते आमच्या इमारतीपर्यंत पोचलं. ते कधी चिडले नाहीत. उलट फोन उचलून स्वतःच सांगायचे, "आस्तेराव बोलतोय." माणूस होताही तसाच. एवढा थोरला देह, पण दार लावताना कडी वाजायची नाही. जिना उतरताना पाऊल ऐकू यायचं नाही. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "हा बाबा घरात आहे की नाही, ते दोरीवरच्या शर्टावरून ओळखायचं."

आवाज करायचं काम त्यांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, आपल्याकडे घेतलं होतं. हसणं मोठं, भांडणं मोठं, भांडी आपटणं त्याहून मोठं. गाडी नवी घेतली तेव्हा सोबतीला माणूस ठेवणं परवडत नव्हतं, म्हणून वहिनीच खेपेला जायला लागल्या आणि मग जातच राहिल्या. त्यांचं काम फरशी ऐकायचं. पेटी उघडली की एकेका फरशीवर बोटाचं पेर आपटायचं. धड फरशी खणखणीत वाजते, तडा गेलेली बद्द. डोळ्यांना न दिसणारा तडा त्यांच्या कानाला कळायचा, आणि गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत त्या ती फरशी बाजूला काढून ठेवायच्या. दोघांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. मला म्हणायच्या, "तुझा नवरा संध्याकाळी येऊन दिवसभराचं काय खरं-खोटं सांगतो ते तुलाच ठाऊक. माझ्याला थापा मारायची सोयच नाही. मी शेजारीच बसलेली असते."

मग त्यांची पाठ धरली. पेट्या उचलून उचलून धरली असेल, असं सगळेच म्हणालो. तेल झालं, पट्टा झाला, कडक अंथरूण झालं. शेवटी मोठ्या इस्पितळात फोटो काढले तेव्हा कळलं, आजार मुळात छातीतला होता, आणि आमच्या कुणाच्या लक्षात यायच्या आत तो मणक्यात उतरला होता. दर आठवड्याला एकदा शेक द्यायला आणा, म्हणाले. शेक म्हणजे यंत्राखाली झोपवून किरणं देतात तो. त्याने आजार जाणार नाही, दुखणं कमी होईल, हेही डॉक्टरांनी सांगून टाकलं.

आजारी बाईला मालाच्या गाडीतून कशाला न्यायचं, असं कुणालाही वाटेल. वहिनींच्या भावालाही वाटलं. त्याने पहिल्या वेळी आपली कार पाठवली, चांगली गार हवेची, गुळगुळीत चालणारी. पण तिची सीट खाली. त्या सीटवर बसायला कमरेत वाकावं लागतं, आणि वाकणं हेच तर वहिनींना जमत नव्हतं. अर्ध्यात त्यांनी जी किंकाळी फोडली ती ऐकून समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली. पिकअपची सीट उंच. मी वहिनींना ताठ धरून एकेक पायरी जिना उतरवेपर्यंत आस्तेराव गाडी आमच्या इमारतीच्या ओट्याला अगदी घासून लावायचे, ओट्यावर उभं राहून दार उघडलं की सीट बरोबर कमरेशी यायची, आणि वहिनी उभ्याच्या उभ्या सरकत आत जाऊन टेकायच्या. वाकणं नाही, चढणं नाही. त्यांच्या दुसऱ्या बाजूला, त्यांना धरायला, मी. त्या दिवशी सासूबाई माझं घर बघायच्या.

बसायचा प्रश्न असा सुटला. पण गाडी चालू झाली की दुसरा सुरू व्हायचा. पिकअप ही ओझ्यासाठी जन्माला घातलेली वस्तू. पाठीवर माल असला की शहाण्यासारखी चालते, रिकामी असली की वासरासारखी उधळते. प्रत्येक खड्डा खालून वर येताना मोठा होऊन येतो. वहिनी दात आवळून बसायच्या आणि माझं मनगट धरायच्या. मनगटावर वळ उठायचे; घरी आल्यावर मी ते पदराआड झाकायची, पण सासूबाईंना ते वळ दिसायचेच.

आस्तेरावांनी आपल्या परीने उपाय केले. मागे वाळूची पोती टाकली, म्हणजे गाडी जरा दबून चालेल. मग चाकांतली हवा कमी करायला लागले. इस्पितळाच्या दिवशी सकाळी ते चारही चाकांजवळ उकिडवे बसायचे, काडीने हवा सोडायचे आणि मान कलती करून तो फुसकारा ऐकायचे. टायर जरा बसला की हाताने दाबून बघायचे. फरक पडला. वहिनींनी स्वतः सांगितलं, "आज बरं गेलं हो."

दुखण्याच्या घरात असं एक वाक्य ऐकायला मिळालं की माणूस त्याच्या जोरावर काय काय करतो!

खरं तर परत आल्यावर हवा पुन्हा भरून मगच मालाला जायचं, हा साधा नियम. आस्तेरावांना तो माहीत नव्हता असं कोण म्हणेल? जन्म गेला होता त्यात. पण त्यांच्या डोक्यात एक वेगळंच शिरलं. त्यांना वाटलं, जे हिच्या पाठीला बरं, ते फरशीलाही बरं. तिलाही धक्का नको, हिलाही नको. म्हणून त्यांनी हवा कमी ती कमीच ठेवली, आणि त्या तसल्या बसक्या चाकांवर फरशीच्या खेपा करत राहिले. एकही फरशी तडकली नाही. मला जिन्यात गाठून कौतुकाने सांगितलं होतं, "ताई, इतकी वर्षं मी उगाच कडक हवा मारत होतो बघा." दुसरा कुणी निष्काळजीपणाने टायरांची वाट लावतो. यांनी ती काळजीपोटी लावली.

कळलं ते वहिनींना. इस्पितळातून परत येताना त्या म्हणाल्या, "चाकाला काहीतरी चिकटलंय."

"खडा असेल," आस्तेराव म्हणाले.

"खडा नाही. खडा टकटक करतो. हे बद्द वाजतंय. डाव्या बाजूला, मागे. बघा, आलं. बघा, परत आलं."

आस्तेरावांनी गाडी कडेला घेतली, उतरले, आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी खिडकीतून वाकून पाहिलं. मागच्या डाव्या टायरच्या कुशीला पेरूएवढा फुगा आला होता आणि ते त्याच्यावर हात ठेवून बसले होते.

तर त्यासाठी आम्ही टायरवाल्याकडे. मी कशाला, तर त्याचंही कारण होतं. वहिनींना रोज आमटी द्यायला मी वर जायची, तशी त्या संध्याकाळी गेले तेव्हा आस्तेराव दारातच म्हणाले, "ताई, उद्या तासभर याल का? मला एक पाठ पाहिजे."

"म्हणजे?"

"इतकी वर्षं गाडी चालवून माझी पाठ मेलीये. मला धक्का कळतच नाही. कुठला टायर हिला चालेल, ते मला कसं समजणार? तुम्ही बसून सांगा."

आतून वहिनींचा आवाज आला, "जा गं त्यांच्याबरोबर. एकटे गेले तर दुकानदाराचीच दया येऊन त्याचा सडका माल उचलून आणतील."

टायरवाल्याचं दुकान म्हणजे एक लांबट गाळा, दोन्ही भिंतींना टायरांच्या उतरंडी, आणि नव्या रबराचा वास असा की घशात बसतो. माणूस बडबड्या होता; बोलता बोलता त्याने नावगाव आणि वहिनींच्या पाठीचं सगळं विचारून घेतलं. गाडी जॅकवर घेऊन त्याने चाकं उतरवली, एक टायर रिंगेवरून सोडवला आणि आत हात घालून काळी भुकटी काढून दाखवली.

"हे बघा. हे झिजले नाहीत, आस्तेराव. नक्षी बघा की, अजून शाबूत आहे. हे वाकून वाकून गेलेत. वरून ओझं, आत हवा नाही. कंबर मोडलीये यांची."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने ती भुकटी पँटला पुसली. "चारही बदला," म्हणाला. "मागचे दोन तर गेलेच, पुढचेही त्याच वाटेवर आहेत."

मग त्याने दोन टायर समोर आणून उभे केले. एक जाड, कडेने ताठ, बोटाने दाबला तर भिंत दाबल्यासारखा. मालाचा टायर. दुसरा दिसायला तसाच, पण कूस मऊ. अंगठा टेकला की जरा आत जायचा.

"हा जाड, फरशीचा. ह्याच्यात हवा कडक भरायची आणि विसरून जायचं, डोंगर लादा. हा मऊ, माणसांचा. गाद्या न्या, पुठ्ठा न्या, वहिनींना न्या. फरशी लादलीत तर महिन्यात परत माझ्या दारात. आणि दारात आलात तर नशीब, नाहीतर वाटेत कुठे फुटायचा."

"पुढे मऊ आणि मागे जाड?" आस्तेरावांनी विचारलं. "ती पुढे बसते. माल मागे."

"तुम्ही विचारणार हे माहीत होतं मला. नाही जमत. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारलात की पुढची चाकं एक ऐकतात, मागची दुसरंच. आणि शेजारी कोण बसलंय?"

"मग दोन संच. त्या दिवसापुरते बदलायचे."

"ठेवा की. रिंगांसकट दोन संच ठेवा, इस्पितळाच्या दिवशी पहाटे चार चाकं उतरवा, चार चढवा, संध्याकाळी परत तेच. वहिनींना कोण बघणार तेवढा वेळ? आणि ऐपत आहे?"

"ऐपत असती तर कारच घेतली असती उंच सीटची," आस्तेराव म्हणाले.

टायरवाल्याची स्वतःचीही तसलीच पिकअप होती, मऊ टायरांची; रिकाम्या रिंगा आणि टायर वाहायला तेवढं पुरतं. आधी माझी परीक्षा तिच्यात झाली. दुकानामागच्या गल्लीत एक गतिरोधक होता, उखडलेला. आस्तेराव चालवत होते, मी मध्ये, वहिनींच्या जागी, ताठ बसलेली. एकदा त्यावरून गेलो, वळलो, परत गेलो.

"कुठे लागलं?"

"फारसं नाही लागलं, भाऊ."

"फारसं म्हणजे कुठे? कमरेत? का वर, पाठीच्या मध्ये?"

"खाली जरा. मध्ये नाही."

"मध्ये नाही ना? नीट सांगा हं. तिचं मध्ये आहे."

मग जाड टायर लावलेली दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची गाडी, तोच गतिरोधक. त्यावरून जाताना माझे दात एकमेकांवर आपटले. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाडी थांबवली. खरं सांगायचं तर मी निरोगी बाई. दोन्ही गाड्यांत मला जे लागलं ते घरी जाऊन विसरण्यासारखं होतं. पण ते माझ्या चेहऱ्याकडे असं बघत होते, की मला वाटलं, आपण चुकीचं बोललो तर त्याची शिक्षा दुसऱ्याच कुणाच्या तरी पाठीला व्हायची.

"मऊ," मी म्हटलं.

त्यांनी तिथूनच शेठना फोन लावला. फरशीच्या खेपा आता जमणार नाहीत, टायर हलके घेतोय, एवढंच म्हणाले. फोनमधला आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"आस्तेराव, फरशी नाही तर काय हवा वाहणार?"

"गाद्या बघतो. उशा. पुठ्ठ्याचं काहीतरी."

"अरे, असं अधेमधे सोडून चालतं का? मला दुसरी गाडी लावावी लागेल. लावली की लावली."

"लावा, शेठ."

शेठ जरा मऊ झाले. "बरं, वहिनींचं एकदा आटोपलं की या परत. बघू तेव्हा."

आस्तेरावांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडून तो बंद झाल्यावरसुद्धा. मग टायरवाल्याला म्हणाले, "चारही मऊ. आणि हवा तुम्हीच मारा, किती ती. मी हात लावणार नाही."

वहिनींना हे कळलं तेव्हा त्या आनंदल्या नाहीत, भडकल्या. खाली माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता, पण धार तीच.

"फरशी सोडलीत? कुणाला विचारून?"

"अगं, तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी! मी अशी किती दिवसांची? आणि नंतर काय, उशा वाहत फिरणार म्हातारपणी? लोक हसतील. एवढा पहाडासारखा माणूस आणि गाडीत उशा!"

"हसू देत."

"शेठ परत घेणार आहे का तुम्हाला?"

रात्री मी आमटी घेऊन गेले तर दोघं दोन भिंतींकडे तोंड करून होते. वहिनी मला म्हणाल्या, "जन्मभर फरशी आधी आणि मी नंतर. फरशीला गोणपाट, मला उघडी सीट. आता माझा नंबर लागला तर बघ कधी लागलाय." आणि हसल्या. हसताना दुखलं, म्हणून थांबल्या.

पण इस्पितळाच्या दिवशी सकाळी त्यांनी केस नीट विंचरून घेतले, हे मी पाहिलं. ओट्यावरून सरकत आत बसल्या. आस्तेरावांनी गाडी अशी काढली की निघालो ते मला खिडकीबाहेरचा खांब मागे गेला तेव्हा कळलं. गॅसच्या गोदामापुढे रस्ता फार उखडलेला आहे. तिथे वहिनी दर वेळी माझं मनगट धरायच्या. मी हात पुढे करून ठेवला होता. त्यांनी धरला नाही.

"लागलं?" आस्तेराव.

"नाही."

"आता?"

"नाही हो."

"आत्ता जो आला, तो?"

"अहो, पुढे बघा! माझ्याकडे बघून चालवलीत तर टायर काय करणार बिचारे?"

आस्तेराव हसले. मी त्या माणसाला इतक्या वर्षांत असं आवाज करून हसताना ऐकलं नव्हतं. इस्पितळाच्या फाटकाशी पहारेकऱ्याने गाडी नेहमीसारखी बाजूला घ्यायला सांगितली, तर हे त्याला उतरून टायर दाखवायला लागले. "दाबून बघ. दाब, दाब." पहारेकऱ्याने दाबून बघितला.

त्या दिवशी शेक दिलाच नाही. नवे फोटो काढले होते ते डॉक्टरबाईंनी पाहिले, वहिनींना बाहेर परिचारिकेपाशी बसवलं आणि आम्हा दोघांना आत बोलावलं. वयाने लहानच होत्या, पण बोलणं स्पष्ट.

"काका, आता शेकाचा उपयोग होणार नाही. खूप पसरलंय. मी दुखण्याची औषधं वाढवून देते, ती घरीच द्या. त्यांना इथवर आणायची तसदी घेऊ नका."

"तसदी कसली, डॉक्टर," आस्तेराव म्हणाले. "टायर बदललेत मी. आज काही म्हणजे काही त्रास झाला नाही तिला. यांना विचारा. पुढच्या वेळी आणतो की."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? मी त्या खोलीतल्या वजनकाट्याकडे बघत राहिले.

"काका, गाडीचा प्रश्न नाहीये."

"चारही बदललेत. मऊ घेतलेत."

"चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. मग खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून, अगदी सावकाश, सगळं सांगितलं. या खेपेला ते मध्ये बोलले नाहीत. शेवटी फक्त विचारलं, "घरी किती?" आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "फार नाही."

गाडीत बसल्यावर वहिनींनी लगेच विचारलं, "काय म्हणाल्या?"

"प्रवास झेपतोय म्हणाल्या."

"आणि शेक?"

"शेक... आता नको म्हणाल्या. पुरे झाला."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी औषधांच्या पिशवीचे बंद बांधत होते, ते आधीच बांधलेले होते. ज्या बाईला पेटीतली एक फरशी बद्द वाजली तर कळायचं, तिच्यापासून आम्ही काय लपवणार होतो? आमच्या वळणाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "एवढे टायर घातलेत ते नेऊन दारात उभे करायला का? जरा लांबून घ्या."

"कुठून?"

"कुठूनही. नवा रस्ता झालाय म्हणतात ना शहराबाहेरून. मी पाहिलेला नाही. आपण फिरायचो तेव्हा तिथे नुसती खडी होती."

आस्तेरावांनी गाडी तिकडे वळवली. रस्ता खरोखरच चांगला होता. रुंद, काळा, एकही खड्डा नाही. दोन्ही बाजूंना अजून काही उभं राहिलेलं नव्हतं, नुसती कुंपणं आणि मोकळी जमीन. वहिनी जुन्या गोष्टी सांगायला लागल्या. एका बंगल्यात फरशी उतरवून झाल्यावर मालकिणीने रंग बदलायला सांगितला, तेव्हा त्यांनी तिला काय सुनावलं होतं, ते. "आणि हे! हे तिकडे तोंड करून उभे. जसं काही मी यांची कुणीच नाही." आस्तेराव म्हणाले, "मला वाटलं ती तुला मारते." "मला? मारेल?" असं बराच वेळ चाललं होतं.

मग बोलता बोलता वहिनी थांबल्या. मला वाटलं, दमल्या. त्यांनी माझं मनगट धरलं.

आस्तेरावांनी वेग कमी केला. मनगट सुटलं नाही. आणखी कमी केला. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे जायला लागल्या. चाक फिरतंय की नाही इतक्या हळू गाडी चालली होती, आणि वहिनी कण्हायला लागल्या. हळू, दात मिटून, एका सुरात. आस्तेरावांनी गाडी कडेला घेतली आणि उभी केली. इंजिन बंद केलं.

तरी ते कण्हणं थांबलं नाही.

गाडी उभी होती. खाली सरळ सपाट रस्ता होता. कुठे काही हलत नव्हतं. आस्तेराव दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोर बघत होते आणि ऐकत होते. त्यांनी एकदा दाराच्या कडीला हात घातला, जणू उतरून खाली काही बघायचं होतं. मग हात परत घेतला. मी पिशवीतून गोळी काढली, पाण्याची बाटली उघडली. वहिनींनी घोट घेतला, अर्धं पाणी हनुवटीवरून खाली आलं, ते आस्तेरावांनी आपल्या रुमालाने पुसलं.

"थोडं थांबू या," ते म्हणाले. "गोळी लागू दे."

"नको." वहिनींचे डोळे मिटलेलेच होते. "चालू करा."

"अगं, पण हलेल ना."

"हलू दे. अशी उभी नका ठेवू." जरा वेळाने म्हणाल्या, "चालू असली की निदान म्हणता तरी येतं, रस्ता वाईट आहे."

आस्तेरावांनी किल्ली फिरवली. त्या सपाट रस्त्यावरून आम्ही घराकडे परत निघालो. थोडं पुढे गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "केवढा खड्डा होता."

"हो," आस्तेराव म्हणाले. "चुकवता आला नाही."